प्रश्न उद्भवत नाही

विधानसभेत प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय?’ ‘असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली?’ ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचीही भाषा ठरलेली. ‘होय.’ ‘नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि या सगळ्यांवर कडी करणारं एक उत्तर आहे : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

मित्रांनो, या तीन शब्दांवर जरा थांबा. कारकुनाच्या दृष्टीनं त्यात काही विशेष नाही. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप मरतात. वस्तीत पाणी येत नाही हे खरं आहे काय? नाही. मग कारवाईचा आणि विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. खलास. पण वस्तीतल्या बाईच्या हातातला हंडा रिकामाच असतो. तिच्या लेखी प्रश्न पहाटे चारलाच उद्भवलेला असतो. मग प्रश्न उद्भवला की नाही हे ठरवायचं कुणी? ज्याला जाच होतो त्यानं, की ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं? मला विचाराल तर लोकशाहीचा सगळा नैतिक प्रश्न एवढ्यातच आहे.

आपल्या बापजाद्यांना प्रश्न नव्हते असं नाही. त्यांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती. चावडीपुढं उभं राहून ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. मायबापापुढं गाऱ्हाणं मांडता येतं, विनवणी करता येते, पायावर डोकं ठेवता येतं. ‘का?’ म्हणून विचारता येत नाही. गाऱ्हाणं ऐकणारा वरच राहतो आणि सांगणारा खालीच. प्रश्नाचं तसं नाही. ज्याला प्रश्न विचारलाय त्याला उत्तर देणं भाग आहे असं ज्या दिवशी कायदा मानतो, त्या दिवशी दोघं एका पातळीवर येतात. म्हणून प्रश्न ही नुसती माहिती काढायची युक्ती नाही. ते माणूस असण्याचं लक्षण आहे. बुद्धानं कालामांना सांगितलं की परंपरा सांगते म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. सत्तेलाही हेच लागू आहे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट घटनेत घातली. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत यांची तुलना केली. एकीत सरकारची स्थिरता जास्त, दुसरीत जबाबदारी जास्त. मसुद्यानं जबाबदारी निवडली. का? कारण मतदार हिशेब घेतो तो काही वर्षांनी एकदा, पण सभागृहातला सभासद प्रश्न, ठराव, तहकुबी, अविश्वास यांच्या जोरावर रोजच्या रोज हिशेब घेतो. हा रोजचा हिशेब बाबासाहेबांना जास्त परिणामकारक वाटत होता. घटनेच्या १६४ व्या कलमात मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे म्हणून लिहिलंय, ते कागदावरचं वाक्य प्रश्नोत्तराच्या तासात चालायला लागतं. तो तास बंद, तर ते वाक्यही बंद. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच काढला गेला. लेखी उत्तरं तेवढी राहिली. लेखी उत्तराला उलटा प्रश्न जागच्या जागी विचारता येत नाही. तारांकित प्रश्नाची खरी धार त्या उलट्या प्रश्नात, म्हणजे उपप्रश्नात असते. पहिला प्रश्न खात्याला आधी कळवलेला असतो आणि उत्तर अधिकाऱ्यानं लिहून दिलेलं असतं. उपप्रश्न आला की मंत्र्याला स्वतःच्या तोंडानं बोलावं लागतं.

आता इतिहास बघू. १९१९ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याला सत्तेचा एक तुकडा मिळाला. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती मंत्र्यांकडे आली आणि पोलिस, महसूल, तिजोरी गव्हर्नरच्या हाताखाली राहिली. याला द्विदल राज्य म्हणत. त्या कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला : सरकारी पैशानं बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. सरकारनं खात्यांना हुकूम काढला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. वर कौन्सिल, मधे सरकार, खाली नगरपालिका, तिन्हीकडून ‘होय’. आणि पाणी? ते कुणी पिऊ शकलं नाही. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका हे मानत नाही तिचं अनुदान बंद करा. हा त्यांचा उपप्रश्नच होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. तेव्हा ते त्याच मुंबई कौन्सिलचे नेमलेले सभासद होते हे विसरू नका. सभागृहातली खुर्ची आणि तळ्याची पायरी, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्या होत्या. त्यानंतर कोर्टबाजी झाली आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

१९३७ साली प्रांतांना स्वायत्तता मिळाली, निवडून आलेलं सरकार बसलं. दुसऱ्याच वर्षी त्या सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणून कामगाराच्या संपावर बेड्या घातल्या. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून सभागृहात त्या बिलाविरुद्ध उभे राहिले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगार बाहेर संपावर गेला. बिल थांबलं नाही. पण आपल्याच लोकांचं म्हणवणारं सरकारही जाबाला बांधलेलं असतं, हे त्या दिवशी गिरणगावानं दाखवून दिलं.

आमच्या पट्ट्यात या, म्हणजे आजचं द्विदल राज्य दिसेल. वालधुनी नदी अंबरनाथच्या बाजूनं येते, १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरच्या कॅम्पांमधून जाते आणि कल्याणकडे खाडीला मिळते. तिला नदी म्हणायला आता जीभ अडखळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात एका टँकरनं तिच्यात रसायन सोडलं आणि रातोरात शेकडो माणसं उलट्या करत, छाती धरून दवाखान्यात गेली. त्यात झोपडपट्टीतलीच माणसं जास्त, कारण नदीकाठी आपण राहतो. आता विचारा, जबाबदार कोण? कारखाने एमआयडीसीत. तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. वरचं गटार नगरपालिकेचं, खालचं महानगरपालिकेचं. टँकर रस्त्यावरचा, म्हणजे पोलिसांचा. नदी एक आणि धनी पाच. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्या बोटांच्या मधून विष वाहत जातं. सत्ता खाली वाटून दिली हे चांगलंच झालं. पण सत्ता वाटताना जबाबदारीचेही तुकडे झाले, आणि तुकड्याला प्रश्न विचारला की तो म्हणतो, ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही.’ हा ‘प्रश्न उद्भवत नाही’चाच सख्खा भाऊ.

मी कापडाच्या गिरणीत रंगखात्यात आहे, कंत्राटावर. एकदा तीन दिवसांची मजुरी कापली गेली. मुकादमाला विचारलं, तो म्हणाला कंत्राटदाराला विचार. कंत्राटदार म्हणाला, हजेरी कंपनी लिहिते. ऑफिसातला बाबू म्हणाला, तुम्ही आमचे कामगारच नाही, मग विचारायचा संबंध येतोच कुठे? पुढच्या पगाराला आम्ही चौदा जण हजेरीच्या तारखा कागदावर लिहून एकाच वेळी तिघांच्या समोर उभे राहिलो. तिघांना एकमेकांकडे बोट दाखवता येईना. पैसे मिळाले. राज्यशास्त्र मी एवढंच शिकलोय : बोटं दाखवणाऱ्यांना एका जागी आणा आणि कागद हातात ठेवा.

पण जागाच नसेल तर? अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांची निवडणूक २०१५ साली झाली होती. मुदत २०२० ला संपली. पुढचं मतदान झालं डिसेंबर २०२५ मध्ये. उल्हासनगर महानगरपालिकेची मुदत २०२२ ला संपली, मतदान जानेवारी २०२६ मध्ये. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा कोर्टातला वाद, मग प्रभागरचनेचा घोळ. ओबीसी बांधवांच्या हक्काबद्दल दुमत नाही. पण मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं ७४ वी घटनादुरुस्ती सांगत असताना इतकी वर्षं प्रशासकानं एकट्यानं कारभार केला. बजेट त्यानं मांडायचं आणि त्यानंच मंजूर करायचं. त्याला सभेत उभं करून विचारणारा एक नगरसेवक नाही. नगरसेवक धुतल्या तांदळाचे असतात असं मी म्हणत नाही. पण वाईट नगरसेवकालाही शिव्या घालता येतात, पाडता येतं. रिकाम्या खुर्चीला पाडता येत नाही.

आणि मग ऑगस्ट २०२४ आला. बदलापुरात एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. तक्रार नोंदवायला आईबापांना तासन्‌तास पोलिस ठाण्यात ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दहा-एक तास लोकल बंद. शहाणी माणसं म्हणाली, ही काय प्रश्न विचारायची रीत आहे? मी म्हणतो, रीत कुठली शिल्लक ठेवली होती? विधानसभेचं पावसाळी अधिवेशन जुलैतच उरकलेलं. नगरपालिकेत चार वर्षं लोकनियुक्त सभागृह नाही. प्रश्नोत्तराचा तास मिळाला नाही म्हणून लोकांनी रुळांवर दहा तास काढले. सभागृह रिकामं ठेवलं म्हणून प्रश्न मरत नाही. तो जागा बदलतो, एवढंच.

आता आपल्या प्रतिनिधींकडे येऊ. अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पुणे करारापासून राखीव जागेचा पेच तोच : माणूस आपल्यातला, मतं सगळ्यांची, तिकीट पक्षाचं. मग तो कुणाचा प्रश्न विचारणार? पुतळ्याच्या सुशोभीकरणाचा विचारील. स्मशानाचा, शिष्यवृत्तीचा, गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या भरपाईचा विचारील काय? ‘पक्षाचा व्हिप असतो’ ही सबब चालायची नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मताला बांधतो, प्रश्नाला नाही. प्रश्न विचारला म्हणून कुणाची आमदारकी जात नाही. ती जाते प्रश्न विकला तर. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारणारे ११ खासदार संसदेतून हाकलले गेले. पण जे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, त्या गप्प राहण्याचा बाजारभाव कुठं नोंदला जातो?

काही दोस्त म्हणतात, सभागृह म्हणजे तमाशा आहे, आपण रस्त्यावरचे. त्यांना मी नामांतराची आठवण देतो. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. उत्तर ‘होय’ आलं. त्या ‘होय’साठी गावोगाव आपली घरं जळाली, माणसं मेली, आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. नुसत्या ठरावानं नाव लागलं नाही हे खरं. पण सोळा वर्षं आपण रस्त्यावर जे मागत होतो ती मेहेरबानी नव्हती, सभागृहानं दिलेला शब्द होता. सभागृहात छापून आलेलं ‘होय’ म्हणजे सरकारच्या सहीचा कागद आहे. म्हणूनच दिलेली आश्वासनं पाळली की नाही हे तपासायला विधानमंडळात आश्वासन समिती असते. तो कागद घेऊन रस्त्यावर उतरायचं, आणि रस्त्यावरून परत सभागृहात.

तेव्हा आपलं काम काय? प्रश्न तयार करणं. ‘आमच्या वस्तीकडे लक्ष द्या’ हा प्रश्न नाही, तो जोहार आहे. कुठल्या प्रभागात, कुठल्या तारखेपासून, किती घरांना, कुठल्या खात्यानं, कुठला अर्ज दाबून ठेवला, हे लिहा, मग तो प्रश्न होतो. तो आमदाराच्या, नगरसेवकाच्या हातात द्या. त्यानं विचारला तर उत्तर वस्तीत आणून चौकात मोठ्यानं वाचा. खोटं असेल तर तिथंच उपप्रश्न लिहा आणि परत पाठवा. विचारला नाही तर तेही चौकात वाचा. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड उघडा. मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारची उत्तरं त्यात छापलेली आहेत. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत बसलेला तो माणूस आकडा विचारायला, खात्याचं नाव विचारायला लाजला नाही. आपण कोण लागून गेलो?

आपल्या वतीनं प्रश्न विचारायला माणूस पाठवला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. मत देऊन आपण तोंड उसनं दिलेलं असतं, विकलेलं नसतं. आणि सरकार कितीही खाली आलं, दिल्लीतून मुंबईत, मुंबईतून अंबरनाथच्या नगरपालिकेत, तरी उत्तर देणारा तोच जुना शब्द काढणार. काढू दे. प्रश्न उद्भवतो की नाही, हे ठरवायचा अधिकार आपण त्याला दिलेला नाही.