विक्रमाचे स्वामित्व

मनुष्याने स्वपराक्रमाने मिळविलेली कीर्ती ही त्याची मालमत्ता, की त्याजपाशी काही काळ राहिलेली ठेव? मल्ल, गवई, पंडित या सर्वांनाच हा प्रश्न लागू आहे. परंतु भालाफेकीत तो विशेष स्पष्ट दिसतो, कारण तेथे कीर्ती मोजपट्टीने मोजतात.

चेकोस्लोव्हाकियात १९६६ साली जन्मलेल्या यान झेलेझनीचे चरित्र या दृष्टीने विचारार्ह आहे. १९८८ साली सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत फिनलंडच्या टापिओ कोर्युसने अखेरच्या फेरीत ८४.२८ मीटर फेक केली आणि झेलेझनीचे सुवर्णपदक अवघ्या १६ सेंटिमीटरांनी हुकले. पुढे १९९२, १९९६ व २००० अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके त्याने जिंकली. आणि २५ मे १९९६ रोजी जर्मनीतील येना येथे ८०० ग्रॅमचा भाला ९८.४८ मीटर फेकला. तो जागतिक विक्रम २०२५ अखेरही अबाधित होता.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न यानंतरचा आहे. २००६ साली निवृत्त झालेला हा वीर गुरू झाला. बार्बोरा श्पोताकोव्हासारख्या शिष्येच्या यशाने गुरूचा विक्रम धोक्यात येत नाही. परंतु २०२५ साली नीरज चोप्रास शिकविणे म्हणजे स्वतःच्या विक्रमाविरुद्ध दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणेच होय. त्याच वर्षी १६ मे रोजी दोहा येथे नीरजने ९०.२३ मीटर फेक करून प्रथमच नव्वदी ओलांडली.

कोणी म्हणेल, अद्याप सव्वाआठ मीटरांचे अंतर असता हे औदार्य स्वस्तच आहे. शिवाय शिकविणे हा त्याचा व्यवसाय. आक्षेप खोटा नाही, आणि परक्याच्या अंतःकरणाची ग्वाही आम्ही देऊ इच्छित नाही. तथापि विद्या देताना काही राखून ठेवण्याचा मोह अंतर पाहून होत नसतो. वाघाच्या मावशीने त्यास सर्व शिकविले, एक झाडावर चढणे तेवढे शिकविले नाही, ही गोष्ट आपल्या घरोघरी सांगतात. आणि खास चिजा शिष्यांपासून लपविणाऱ्या गवयांच्या कथाही आपण ऐकल्या आहेत. मावशीस निदान जिवाचे भय होते. कीर्ती राखणाऱ्यास तेही नसते. त्याने लपविलेली विद्या त्याच्याबरोबरच लयास जाते.

म्हणून आम्ही कीर्तीस ठेव मानतो. जो ती पुढच्याच्या हाती बिनतक्रार देऊ शकतो, त्यानेच ती खरी सांभाळली.