परतणारीला गाव हवे

तौबा ही दास आणि त्याचा निर्माता यांच्यामधील बाब आहे; तिला मध्यस्थ लागत नाही. मग देहविक्रयाचा मनापासून तिटकारा आलेली स्त्रीदेखील त्यातून बाहेर का पडू शकत नाही?

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या इतवारी भागातील गंगा-जमुना वस्तीचे रस्ते पोलिसांनी बंद केले. तेथील स्त्रिया विरोधात रस्त्यावर उतरल्या. ‘यांना सुटायचेच नाही’ असे म्हणणे सोपे होते. परंतु एक रस्ता बंद केल्याने दुसरा आपोआप उघडत नाही.

अशा स्त्रीला केवळ पैसा बांधून ठेवत नाही, नातीही बांधतात. तिच्या कमाईवर गावाकडे भावाचे शिक्षण होते, बहिणीचे लग्न होते. पैसा घरात जातो, तिला मात्र सणालाही उंबरठा ओलांडता येत नाही. जिला ती कर्ज देणे लागते, ती घरवालीच तिच्या आजारपणात उशाशी बसते. आणि लेकरू? त्याच्या पोटासाठी ती तेथे राहते आणि त्याच्याच भवितव्यासाठी बाहेर पडू पाहते. केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले, ते याचमुळे महत्त्वाचे.

सूरह अन्-नूरच्या ३३व्या आयतीत, ऐहिक लाभासाठी दासींना या मार्गावर लोटण्यास मनाई आहे आणि जिच्यावर बळजबरी झाली तिच्यासाठी क्षमेचे आश्वासन आहे. म्हणजे जाब प्रथम लाभ घेणाऱ्याला आहे. तिचे पैसे घेऊन तिचे तोंड न पाहणाऱ्या घराने या आयतीसमोर क्षणभर थांबावे.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत शंभर हत्या करणाऱ्या माणसाची हदीस आहे. एका विद्वानाने त्याला केवळ तौबेचा मार्ग दाखविला नाही. आपले गाव सोड आणि जेथे अल्लाहची उपासना करणारे लोक राहतात तेथे जा, असे सांगितले. वाटेतच त्याला मृत्यू आला. सज्जनांच्या गावाकडे तो वीतभर अधिक जवळ होता, म्हणून त्याला क्षमा मिळाली. लक्षात घ्या, त्याच्या तौबेला जाण्यासाठी एक गाव होते.

यामुळे पाप हलके ठरते काय? मुळीच नाही. हराम ते हरामच. परंतु पापाचा तिरस्कार करणे वेगळे आणि परतणारीच्या तोंडावर दार लावणे वेगळे.

तेव्हा प्रश्न आपल्याला आहे. आपल्या मोहल्ल्यात तिला भाड्याने खोली मिळेल काय? पित्याचे नाव न विचारता मदरसा तिच्या मुलाला प्रवेश देईल काय? जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलेही आहेत. तौबा करून निघालेल्या या कर्जदार स्त्रीची आपल्याला आठवण होते काय? तिच्या निकाहचा प्रस्ताव आला, तर आपण तिचा भूतकाळ उकरू की तिची तौबा पाहू?

अल्लाहचे दार उघडे आहे, हे आपण मिंबरवरून वारंवार सांगतो. तिला मात्र आधी आपल्या दारावरून जावे लागते.