पुरेशी गोळी

हत्ती मारायला केवढी गोळी लागते? शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांत यावरून दोन तट होते. एका बाजूला .६०० नायट्रो एक्स्प्रेससारखी काडतुसं: गोळीच सुमारे ५८ ग्रॅमची, आणि खांदा बधिर करणारा धक्का. दुसऱ्या बाजूला स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल. त्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक .२७५च्या रायफलने, तिची गोळी जेमतेम ११ ग्रॅम. हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो, हे त्याने पाहून ठेवलं होतं. गोळी योग्य जागी लागली तर छोटीही पुरते, असं त्याचं मत.

बेल मारत होता हस्तिदंतासाठी, आणि नेम अचूक असला म्हणून हेतू धुतला जात नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याच्या मताची एक अडचण उरते. 'योग्य जागी लागली तर' यातला 'तर' कुणाच्या भरवशावर? बेलचं कौशल्य बेलपाशी होतं. त्याचं उदाहरण देऊन हलकं काडतूस निवडणारा दुसऱ्याचं कौशल्य उसनं घेतो, आणि ते उसनं फेडतं जनावर.

मग मोठंच काडतूस घ्यावं? तेही सोपं नाही. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना हात दचकतो, डोळा मिटतो, नेम ढळतो. वर एक खोटा धीर येतो, की कुठेही लागली तरी चालेल. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा ठरवली, ती बहुतेकांच्या हाताला पेलणारी आणि त्यांच्या चुकीला थोडी जागा ठेवणारी आहे. कायदा इथे उस्तादाचा नाही, सामान्य माणसाच्या वाईट दिवसाचा विचार करतो. मला हेच नीतीचं खरं माप वाटतं.

कारण जखम जंगलात एकटी राहत नाही. १९०७मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसं मारली होती. तिच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता, खालचा थेट हाडापर्यंत. कॉर्बेटच्या मते ही जुन्या गोळीची जखम होती आणि त्यामुळेच नेहमीची शिकार तिला जमेना. ती गोळी झाडणाऱ्याचं नाव इतिहासात नाही. त्याच्या लेखी त्या दिवशी फक्त नेम चुकला होता.

खुद्द कॉर्बेटही त्या दिवशी तीनच काडतुसं घेऊन गेला होता: दोन वाघिणीसाठी, एक अडीअडचणीसाठी. पहिली गोळी चुकली, पुढच्या दोन लागल्या, तरी वाघीण जिवंत होती. शेवटी त्याला धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणावी लागली. जाणत्या माणसाचाही 'पुरेसं'चा हिशेब असा चुकतो.

भारतात १९७२च्या कायद्याने हौशी शिकारीचा प्रश्न मिटवला. पण माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर पकडणं शक्यच नसेल, तर त्याला मारण्याची परवानगी आजही देता येते. तेव्हा कुणीतरी काडतूस निवडतोच. 'माझा नेम किती चांगला?' हा त्या वेळी विचारायचा प्रश्न नव्हे. 'माझा नेम चुकला, तर कोण भोगेल?' असं त्याने स्वतःला विचारावं. आणि त्याचं उत्तर सोसवत नसेल, तर रायफल खाली ठेवावी.