भिऊ नका, जागे राहा

शास्त्रपाठ : लूक 21:5–28



कोठे युद्ध पेटले, कोठे धरणीकंप झाला, की मंडळीत कुजबूज सुरू होते : शेवट आता जवळ आला! मग कोणी प्रकटीकरणाचे पुस्तक उघडून वर्षांची बेरीज-वजाबाकी मांडतो, तर कोणी हातचे काम टाकून बसतो. आम्हां भोपाळकरांना ही भीती नवी नाही.

आम्ही चार इमलीत राहणारी मराठी ख्रिस्ती माणसे. चार इमली म्हणजे चार चिंचा. सरकारी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची ही शांत वस्ती. 2 डिसेंबर 1984 हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. प्रभूच्या येण्याविषयी मंडळी ज्या दिवशी ऐकते, त्याच दिवसाच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. वाऱ्याने तो जुन्या शहरावर नेला. हजारो माणसे मेली. कारखान्याजवळच्या झाडांची पाने गळाली. हाच तो शेवट, असे पुष्कळांना वाटले.

आमची वस्ती बहुतांशी वाचली. पण तिला आमच्या विश्वासाचे फळ म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वारा दुसरीकडे वाहत होता, इतकेच. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे (लूक 13:4–5). दूर असणे ही शांती नव्हे.

मग शांती कोठून येते? त्याच महिन्यातील एक गोष्ट पाहा. कारखान्यात उरलेल्या वायूचे कीटकनाशक करून तो संपवण्याचे काम 16 डिसेंबरला सुरू झाले. सरकारने त्याला नाव दिले ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम. पण त्याआधीच लोक लाखांच्या संख्येने शहर सोडून निघाले. त्यांना दोष कोण देईल? पहिल्या रात्री तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी गोष्टही त्यांना कोणी वेळेवर सांगितली नव्हती. ज्यांनी खरे सांगितले नाही, त्यांच्यावर लोकांनी भरवसा कसा ठेवावा? विश्वास नाव दिल्याने उत्पन्न होत नाही. तो खरे बोलणाऱ्यावर बसतो.

आमच्या प्रभूने आमच्यापासून काही लपवले नाही. लढाया होतील, दुष्काळ पडतील, तुमचा छळ होईल, हे त्याने आधीच सांगितले, आणि त्याबरोबरच घाबरू नका, असेही सांगितले. तारीख मात्र सांगितली नाही, कारण ती पित्याच्या हाती आहे (मत्तय 24:36). अंजिराच्या झाडाचा दृष्टांत देताना त्याने गळणाऱ्या पानांकडे नव्हे, फुटणाऱ्या पालवीकडे बोट दाखवले. विश्वासणाऱ्याला चिन्हे मरणाची नव्हे, तर सुटकेची खबर देतात. म्हणून तो डोके वर करतो.

आणि डोके वर करून काय करतो? नेमलेले काम करतो. त्या रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे रेल्वेचे अधिकारी कामावर होते. ते आपल्या धर्माचे नव्हते. त्यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेआधी सोडून प्रवाशांना वाचवले, पुढे मदत मागवली आणि स्वतः आपली जागा सोडली नाही. घरच्या लोकांना वेळच्या वेळी अन्न देणारा चाकर धनी येईल तेव्हा धन्य ठरतो, असे प्रभू म्हणतो (मत्तय 24:45–46). हा पाठ आम्ही वर्षानुवर्षे वाचला होता. त्या रात्री तो एका मुसलमान बांधवाने करून दाखवला.

2025 साली त्या कारखान्यातील सुमारे 337 टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला नेण्यात आला, तेव्हा तेथील लोकही भयभीत झाले. भीती अशी गावोगाव फिरतच राहणार. तेव्हा आपण काय करावे? अफवा पुढे पाठवू नये. खरे विचारावे, खरे सांगावे. दिवस मोजण्यापेक्षा शेजारच्या आजाऱ्याच्या दाराशी जावे. जुन्या शहरात आजही धाप लागणारी माणसे आहेत. चार इमलीहून तेथवरचा रस्ता फार लांब नाही.

हे प्रभू, तू येशील तेव्हा आम्ही पळताना किंवा हिशेब मांडताना नव्हे, तर तू दिलेल्या कामावर तुला सापडू दे. आमेन.