उदमांजराने लावलेलं जांभूळ

तोरण्याच्या पायथ्याच्या, वेल्ह्यातल्या एका गावात एक माणूस पुण्यातली नोकरी संपवून कायमचा परतला. खालची भातखाचरं चुलतभाऊ करत होता. याच्या वाट्याला आली वरची वरकस. वडिलांच्या काळी तिथे नाचणी-वरई व्हायची. पुढे कसणारे हात शहरात गेले, जमीन पडीक राहिली आणि सगळा उतार करवंदीच्या जाळ्यांनी भरून गेला. त्याला तिथे रान उभं करायचं होतं, नातवंडांना सावलीत खेळवील असं. साल २०१९. राज्यभर ३३ कोटी रोपं लावण्याचं सरकारी उद्दिष्ट होतं, रोपवाटिकांमधून रोपं मिळत होती. माणसाचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याने जेसीबी बोलावला. जाळ्या मुळासकट उपटून निघाल्या, उतार मोकळा झाला. बांधापलीकडे चुलतीची वरकस होती, तिथेही अशाच जाळ्या.

"काकी, मशीन आलंच हाय, तुझंबी साफ करून देतो."

"माझ्या जाळीला हात लावू नगंस," म्हातारी म्हणाली. "तुला झाडं लावायची तर लाव. जाळीनं काय वाकडं केलंय तुझं?"

वैशाखात काकी करवंदं तोडायची आणि पळसाच्या पानांच्या द्रोणांत भरून राजगडाच्या वाटेवर विकायची. चार पैशांचा लोभ आहे म्हातारीला, असं त्याला वाटलं.

पाऊस आला तो वेल्ह्यात येतो तसा, मुसळधार. उताराला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. खड्ड्यांवर ओढलेली माती ओघळीला लागली. जगली त्या रोपांची पानं दिवाळीनंतर, भात कापून गुरं मोकळी सुटली तेव्हा, गुरांनी ओरबाडली. उरलेल्यांना तो खालून पाणी वाहून घालत राहिला. फाल्गुनात डोंगराला वणवा लागला, वाळलेल्या गवतातून धावत आला आणि सगळी काळी करून गेला. त्याने पुन्हा रोपं आणली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. गावात कोणी हसलं नाही, पण विचारायचंही सोडलं.

मग एका वैशाखात त्याचं वासरू हरवलं. शोधता शोधता तो काकीच्या वरकशीत पोचला. जाळीच्या बुडाशी एक फट होती. तो ओणवा होऊन आत शिरला. करवंदीचे काटे जोडीजोडीने असतात, शर्ट सहज सोडत नाहीत. बाहेर भर उन्हात डोंगर पिवळाजर्द होता. आत मात्र गारवा होता. करवंद बारमाही हिरवी, चामट पानांची. तिची पानं मोडली की पांढरा चीक येतो, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. तिच्या सावलीत गवत वाढलेलं नव्हतं, त्यामुळे वणव्याला आत यायला वाटच मिळाली नव्हती. बाहेरच्या फांद्या तेवढ्या होरपळल्या होत्या आणि बुडातून पुन्हा फुटल्या होत्या. पाचोळ्याखाली हात घातला तर माती अजून ओलसर. फांदीवर बुलबुलाची वाटी होती, सशाच्या लेंड्या होत्या, आणि मधोमध, हाताच्या अंगठ्याएवढ्या बुंध्याचं एक जांभूळ सरळ उभं होतं. त्याचा शेंडा जाळीच्या वर, उजेडात गेला होता.

वासरू पुढच्या ओहोळात सापडलं. संध्याकाळी तो काकीच्या ओट्यावर बसला.

"काकी, ते जांभूळ कधी लावलंस?"

"म्या कशाला लावू? रातच्याला उदमांजर येतंय करवंदं खायला. त्येनं लावलं."

"आणि राखलं कुणी?"

"जाळीनं. आणिक कोन हाय तितं?"

इंग्लंडच्या कुरणांवर ओकची रोपंही अशीच काटेरी ब्लॅकथॉर्नच्या आडून वर येतात. तिथे बी पुरणारा जे नावाचा पक्षी असतो. आपल्याकडे ते काम उदमांजर करतं, बुलबुल करतो, आणि रोपाची दाई असते करवंद. रान राखण्याची दुसरी रीत म्हणजे देवराई. वेल्ह्यातच शिरकोलीला शिरकाईची देवराई आहे. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या रानांचं मोल शिकलेल्या माणसांनाही कळू लागलं. देवराईला निदान देवीचा धाक असतो. जाळीला कोणाचाच नसतो. तिला आपण झुडूप म्हणतो, तिच्या जमिनीला पडीक म्हणतो, आणि राबासाठी, कुंपणासाठी, आता प्लॉटसाठी तोडून मोकळे होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या माणसाने त्या वर्षी एकही खड्डा खणला नाही. उतारावर जिथे जिथे मुळाचा तुकडा राहिला होता तिथे करवंदीचे कोंब आले होते. त्यांच्याभोवती त्याने दगड रचले. ज्येष्ठात पिकलेली करवंदं काकीकडून विकत घेतली, गर धुऊन बी काढलं आणि लगेच पिशव्यांत पेरलं, कारण वाळवून ठेवलेलं बी नीट रुजत नाही. रोपं सावकाश वाढतात; पहिल्या वर्षी जेमतेम वीतभर झाली. ती त्याने उताराला आडवी, ओळीने लावली. हिरड्याची आणि आंब्याची रोपं मात्र उघड्यावर लावली नाहीत. काकीला विचारून ती तिच्याच जाळ्यांच्या कडेला, काट्यांच्या आत सरकवून लावली. हात रक्ताळले. त्यातली बरीच जगली.

पुढे शेजारच्या वरकशीवर घर बांधायचं ठरलं आणि मशीन आलं. तो तिथे गेला, भांडला नाही. शेजाऱ्याला म्हणाला, "दादा, मशीन जरा थांबवा, माझ्याबरोबर चला." काकीच्या जाळीत त्याला ओणवा करून नेलं आणि आतली झाडं एकेक करून मोजायला लावली. जांभूळ, उंबर, त्याने स्वतः सरकवलेला हिरडा. शेजारी बाहेर आला, अंगातले काटे काढत बराच वेळ उभा राहिला. मग त्याने मशीनवाल्याला घराच्या पायापुरती जागा आखून दिली आणि वरच्या अर्ध्या उताराला हात लावू नकोस म्हणून सांगितलं.