गंजलेला बोल्ट आणि नंतरचा माणूस

लोखंडाचे गंजणे ही रसायनशास्त्राची बाब आहे, नीतिशास्त्राची नव्हे, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु गंजून अडकलेला बोल्ट सोडवावयाची वेळ येते, तेव्हा ज्या प्रश्नाशी गाठ पडते तो निव्वळ रसायनाचा राहत नाही. आज आपण जे घट्ट आवळतो, ते पुढे ज्या अनोळखी माणसास सोडवावे लागणार, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही, असा तो प्रश्न आहे.

कोकण किनाऱ्यावर मासळी वाहणाऱ्या पिकअप गाड्या वाचकांनी पाहिल्या असतील. हौद्यातून बर्फाचे खारट पाणी ठिबकत असते आणि ते खालच्या सांगाड्यावर व कमानपाट्यांवर पडते. त्यात चार महिन्यांच्या पावसाची व खाऱ्या वाऱ्याची भर. कमानपाट्याच्या टोकाशी असलेल्या शॅकलचा बोल्ट रबरी बुशाच्या आतील पोलादी नळीतून आरपार जातो. पाणी शिरते ते या बोल्टच्या आणि नळीच्या मधल्या बारीक फटीत. गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो नुसता चिकटून राहत नाही, पाचर ठोकावी तसा दोहोंमध्ये दाटून बसतो. मग मौज अशी होते की नट मुकाट्याने निघून येतो, आणि बोल्ट मात्र नळीला घेऊन थोडासा वळतो, रबर पिळवटते, व हात सैल सोडताच सारे पुन्हा पूर्वपदावर येते. माणसाच्या बळाची इतकी शांत चेष्टा दुसरी कोणती वस्तू करीत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

कसलेला मेस्त्री बळापासून आरंभ करीत नाही. तो तारेच्या ब्रशाने उघडे आटे घासतो, आदल्या संध्याकाळी पातळ तेल सोडून ठेवतो, सकाळी हातोडीचे बेताचे ठोके देतो. सोडवावयाचा बोल्ट प्रथम किंचित आवळून पाहतो. गंजाची पकड कोणत्याही दिशेने तुटली तरी ती तुटलेलीच. डोक्याच्या सहाही बाजूंना बसणारा पाना तो निवडतो, कारण बारा कोनांचा पाना झिजलेल्या डोक्याचे कोपरे खाऊन टाकतो. शेगडीचा उपाय, म्हणजे बाहेरचा नट तापवून फुगविण्याचा, चांगला खरा. परंतु शेजारी रबर आहे, जवळून ब्रेकची नळी वा इंधनाची टाकी गेलेली आहे. अशा ठिकाणी नळीच्या दोन्ही अंगांनी बोल्ट कापून काढणे हेच शहाणपण. धीर धरणे हा सर्वत्र सद्गुण नव्हे. बाजारात नवा मिळणाऱ्या बोल्टसाठी दोन दिवस झुंजणे हा कित्येकदा हट्टच असतो. इंजिनाच्या बिडात मोडलेल्या खिळीची गोष्ट निराळी. तेथे ती उपटण्यासाठी घुसविलेले कठीण पोलादाचे हत्यारच आत मोडले, तर त्यात छिद्र पाडणेही दुरापास्त होते, आणि उतावळेपणाचे साधन मूळ अडचणीहून मोठी अडचण होऊन बसते.

हे सर्व कौशल्य स्तुत्य आहे, आणि त्याची स्तुती होतेही. चारचौघे जमतात, बोल्ट निघाला की हर्षाचा उद्गार निघतो. परंतु दहा वर्षांपूर्वी ज्याने हा बोल्ट कोरडाच ठोकला, त्याने नळीच्या आत बोटभर ग्रीस फिरविले असते, तर यांतले बहुतेक काही करावेच लागले नसते. त्या वेळी मात्र कोणी पाहावयास उभे नव्हते. सोडविणाऱ्याचे यश दिसते. लावणाऱ्याने केलेली काळजी, ती सफल झाली म्हणूनच, कधीच दिसत नाही.

आपल्याकडे देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. वरवर पाहता ती सारी मागे गेलेल्यांची. परंतु फेड पाहा : पितृऋण फिटते ते संततीने, आणि ऋषिऋण अध्ययनाने, म्हणजे विद्या पुढे चालती ठेवून. ज्याचे घेतले त्यास परत करावयाचे नाही, पुढच्यास द्यावयाचे, असा हा हिशेब आहे. एडमंड बर्क याने १७९० मध्ये समाज ही मृत, हयात व अद्याप न जन्मलेले यांची भागीदारी होय असे प्रतिपादिले. त्याचा रोख राज्यसंस्थेवर होता; आम्हांस ती कल्पना गाडीच्या पोटाखाली अधिक स्पष्ट दिसते. पूर्वीच्या मेस्त्र्यास शिव्या मोजीत ज्याने सकाळ घालविली, तोच दुपारी नवा बोल्ट कोरडा बसवितो. त्यास दुष्ट म्हणता येत नाही. त्याने कोणाचे काही बिघडविलेले नाही. ज्याचे बिघडणार तो अजून समोर नाही, इतकेच.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. नंतरच्याची सोय पाहताना आजच्याचा जीव धोक्यात घालता येत नाही. आट्यांना तेल लागले की तेवढ्याच जोराने आवळलेला नट बोल्टला अधिक ताणतो. म्हणून चाकाचे नट स्वच्छ पण कोरडेच आवळावे, असे अनेक उत्पादक सांगतात. तेथे गाडीत बसणाऱ्याचा हक्क पहिला, आणि नंतरच्या मेस्त्र्याने अधिक कष्ट सोसावे हे न्याय्य. शॅकलच्या बोल्टला ही सबब लागू नाही. तेथे ग्रीस आट्यांना लावावयाचे नसते, नळीत राहणाऱ्या मधल्या भागास लावावयाचे असते, आणि तेही रबरास न लागेल इतके बेताने. ते का राहून गेले याचा शोध घेऊ गेल्यास, संध्याकाळ झाली होती, याहून अधिक काही बहुधा हाती लागत नाही.