धुक्यातले वलय
शास्त्रपाठ : लूक 18:9-14



हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात कधीकधी एक नवल दिसते. सूर्य पाठीशी व दरीत धुके असले की आपली सावली धुक्यावर पडते आणि तिच्या मस्तकाभोवती रंगीत वलय उमटते. लोक त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यांनी केलेले त्याचे वर्णन 1835 मध्ये छापले गेले. जर्मनीतील ब्रोकेन डोंगरावर अशीच सावली पाहून लोक भुतांच्या गोष्टी सांगत. वस्तुतः धुक्याच्या सूक्ष्म थेंबांवरून परतणाऱ्या उन्हाचा हा खेळ आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. कड्यावर काही अंतराने दोघे उभे राहिले, तर प्रत्येकाला वलय आपल्याच मस्तकाभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही.

इंदूरकडील देपालपूरच्या सपाट रानात असे कडे नाहीत. तरी हिवाळ्यात सकाळी, ऊन पाठीवर घेऊन, दवाने भिजलेल्या गव्हाच्या शेताकडे पाहा. सावलीच्या डोक्याभोवती फिकट उजेड दिसेल. त्यात रंग नाहीत. पण तोही ज्याचा त्यालाच दिसतो.

मंदिरातील परूश्याचे असेच झाले. त्याचे उपास खरे होते, दशमांशही खरा होता. परंतु तेज त्याला स्वतःभोवतीच दिसले. मागे उभा असलेला जकातदार त्याला नुसती सावली वाटला. आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदारच!

रविवार शाळेच्या शिक्षकांनो, मागे बसणाऱ्या अबोल मुलाभोवती तेज दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे समजू नका. देव आपण उभे आहोत त्या जागेवरून पाहत नाही. प्रभू आपणांस नम्र दृष्टी देवो. आमेन.